प्राधान्य: प्लुमी

"आपल्या घरात सगळ्यात महत्त्वाचं कोण?"

रविवारी दुपारी, कोंबडी आणि लिंबातले बटाटे सगळ्यांच्या ताटात पडल्यावर, मी हा प्रश्न विचारला. तोंड माझं, पैज मेर्सिनी आणि आंथीची. शुक्रवारी शाळेच्या मधल्या सुट्टीत मी या दोघी मैत्रिणींना आमच्या राउटरच्या पानाचा फोटो दाखवला होता. त्यात घरातल्या सगळ्या यंत्रांची यादी असते आणि प्रत्येकापुढे एक रकाना: प्राधान्य. अत्युच्च, उच्च, साधं, कमी. म्हणजे इंटरनेटवर आधी कोणी जायचं आणि रांगेत कोणी उभं राहायचं. मेर्सिनी म्हणाली, यात तू कशाला डोकं खपवतेस, घरच्यांनाच विचार. आंथी म्हणाली, हो, पण रविवारच्या टेबलावर विचार, सगळ्यांसमोर, आणि हसायचं नाही. नाही विचारलंस तर जूनपर्यंत आमची दप्तरं तू वाहायची.

गेल्या वर्षापर्यंत मी टेबलावर मीठसुद्धा खुणेने मागायचे. यंदा मला कंठ फुटलाय. हे आईचं म्हणणं, आणि ती ते कौतुकाने म्हणत नाही.

तर मी विचारलं. बाबांनी पाठ ताठ केली. वरच्या मजल्यावरचे पांडेलिसकाका, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, त्यांनी ग्लास खाली ठेवून घसा साफ केला. दोघांनाही उत्तर माहीत होतं, फक्त ते दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडून यावं अशी अपेक्षा होती. ते आलं आजीकडून. पावाच्या तुकड्याने ताट पुसत ती म्हणाली, "तुझे आजोबा."

आजोबांना जाऊन अकरा वर्षं झाली आहेत.

"फोनची लाइन अजून त्यांच्याच नावावर आहे," आजी म्हणाली. "ज्याची लाइन, त्याचा मान पहिला."

लाइन खरंच त्यांच्या नावावर आहे. ती बदलायची तर कोणाच्या नावावर करायची, हा प्रश्न अकरा वर्षं पांडेलिसकाका आणि बाबा अतिशय शांतपणे एकमेकांना विचारत आहेत.

पण प्रश्न थट्टेचा नव्हता. गुरुवारी सकाळी अकरा वाजता प्लुमीची मुलाखत होती.

प्लुमी म्हणजे मी नाही. म्हणजे मीही प्लुमीच, पण ती वेगळी. ग्रीसमधल्या आमच्या बेटावर मुलीला बापाच्या आईचं नाव ठेवतात. दोन भाऊ, दोघांनाही पहिली मुलगी, आणि आई एकच. त्यामुळे एका जिन्यावर तीन मजले आणि तीन प्लुमी, आडनावासकट. तळमजल्यावरची आजी ही मूळ प्रत. सगळ्यात वरच्या मजल्यावरची, काकांची प्लुमी, ही पहिली आवृत्ती. आणि मधल्या मजल्यावर मी, दुसरी आवृत्ती, सुधारलेली. बाकीच्यांनी सोयीसाठी वरची, मधली आणि आजी असं ठरवून घेतलंय. आम्ही मुली मात्र एकमेकींना नावानेच हाक मारतो. स्वतःलाच हाक मारल्यासारखं वाटतं, पण सवय होते.

वरची प्लुमी एकवीस वर्षांची आहे आणि व्यापारी जहाजांच्या अकादमीत शिकते. तिला कप्तान व्हायचंय. त्यासाठी आधी शिकाऊ म्हणून जहाजावर जावं लागतं, आणि न्यायला एखादी कंपनी तयार असावी लागते. पिरेअस बंदरातल्या एका कंपनीत चार जागा होत्या. बाकीच्या कंपन्यांच्या याद्या भरून गेल्या होत्या. ही हुकली की वर्ष हुकलं. कंपनी मुलाखत पडद्यावर घेते, कारण तिथल्या साहेबांना बोटीने आमच्याकडे यायला आठ तास लागतात, आणि त्यातले सहा ते उलट्या करत असतात असं काकांचं मत आहे. काका चाळीस वर्षं इंजिनच्या खोलीत होते. वर, उजेडात काम करणाऱ्या कोणाहीबद्दल त्यांचं मत चांगलं नाही.

पहिली मुलाखत दोन आठवड्यांपूर्वी झाली. म्हणजे सहा मिनिटं झाली. सातव्या मिनिटाला प्लुमीचं चित्र गोठलं. एक डोळा मिटलेला, तोंड उघडं, उजवा हात वर, गुळण्या करता करता कोणी फोटो काढावा तसं. पलीकडचे कप्तान त्या फोटोशी नऊ मिनिटं अतिशय सभ्यपणे बोलत राहिले. मग त्यांनी कळवलं की गुरुवारी अकराला आणखी एक संधी देतो, शेवटची. 'शेवटची' हा शब्दही त्यांनी सभ्यपणेच लिहिला होता.

तुम्ही म्हणाल, त्या वेळेपुरतं घरातलं बाकी सगळं बंद करायचं. आम्हालाही सुचलं होतं. त्या दिवशी सकाळी आम्ही सगळ्यांनी प्लुमीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं की अकरा ते साडेअकरा कोणी इंटरनेटला शिवणार नाही. आणि मग प्रत्येकाने असा विचार केला की बाकीचे सगळे थांबलेत, तर माझ्या एकट्याने काय फरक पडतोय. काका दुसऱ्यांच्या जहाजांची इंजिनं चालताना बघत होते, आवाज मोठा करून. निवृत्तीनंतर ते रोज बघतात, आणि पडद्यावरच्या अनोळखी माणसांना चुका सांगतात. आजीची मालिका टॅबलेटवर चालू होती. मी शाळेत होते, पण माझा लॅपटॉप घरी बसून स्वतःला अद्ययावत करत होता. डोक्यावर हात मीही ठेवला होता.

आणि बाबांचे कॅमेरे होते. सहा. एक फाटकावर, एक गाडीवर, एक कोंबड्यांवर, दोन संत्र्यांच्या झाडांवर, ज्यांवर मे महिन्यात एकही संत्रं नसतं. सहावा पाचव्यावर, कारण तो कोणी चोरला तर. हे सहाही जण दिवसभर जे दिसेल ते कुठल्यातरी दूरच्या गोदामात पाठवत असतात. तीन वर्षांत त्यांनी एक मांजर पकडलंय. तेही आमचंच होतं.

रविवारी मी म्हटलं, बाबा, गुरुवारी अर्धा तास कॅमेरे बंद ठेवा. बाबांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. म्हणाले, चोर नेमका त्याच अर्ध्या तासाची वाट बघत असतो. आमच्या गावात चोर नाही. असता तर तो कोणाचा मुलगा, हे आजीला माहीत असतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की या घरात माणसांवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. काय ते राउटरमध्येच घालून ठेवायला हवं. तसं मी जाहीर केलं. आई म्हणाली, तुझी बुधवारी जीवशास्त्राची चाचणी आहे, ती आधी डोक्यात घाल. आईने मला औषधांच्या दुकानाची मालकीण करून ठेवलंय. दुकान कुठे, पितळी पाटी दाराच्या कुठल्या बाजूला, हे सगळं ठरलेलं आहे, फक्त माझं शिक्षण व्हायचंय. तारा आणि खोकी ही तिच्या मते तांत्रिक शाळेतल्या मुलांची कामं. आमच्या गावात आया तांत्रिक शाळेचं नाव तिखटासारखं वापरतात. अभ्यास नाही केलास तर तिथे घालीन, की पोर लगेच पुस्तक उघडतं. त्या शाळेच्या खिडक्या मोठ्या आहेत आणि तिथली मुलं कायम हसत असतात, हे मी लहानपणापासून बघत आलेय, पण भीती वाटायला हवी म्हणून वाटून घ्यायचे.

वरची प्लुमी मात्र त्या दिवशी जेवणानंतर माझ्याबरोबर भांडी विसळायला आली. ती सहसा येत नाही. ताट पुसता पुसता म्हणाली, "तुला खरंच जमेल?"

"जमेल."

"मला परत गोठायचं नाहीये, प्लुमी."

एवढंच. पण ते ताट तिने चार वेळा पुसलं.

सोमवार-मंगळवार मी वाचत बसले. जीवशास्त्र नव्हे. गोष्ट तशी सोपी आहे. आमच्या गावातून धक्क्याकडे एकच उतार जातो. बोट लागायच्या वेळी त्यावर ट्रक, स्कूटर, मधाची पिंपं आणि कोणाची तरी सासू, सगळं एकदम येतं. आमची तांब्याची लाइन तशी आहे. घरात येणारी वाट बरी, पण घरातून बाहेर जाणारी अगदी बोळ, आणि त्या बोळात बाबांचे सहा कॅमेरे दिवसभर हातगाड्या लावून उभे. प्लुमीचा चेहरा पिरेअसला जाणार कसा? तर एक करता येतं: बोळाच्या तोंडाशी पोलीस उभा करायचा आणि सांगायचं, ही गाडी आली की बाकीचे थांबा. हे प्राधान्य. दुसरं त्याहून मजेचं: काही गाड्यांना मुळात बोळात शिरूच द्यायचं नाही, त्यांना दुसऱ्या रस्त्याने पाठवायचं.

आणि आमच्याकडे दुसरा रस्ता होता. मागच्या दोन खोल्या उन्हाळ्यात पाहुण्यांना भाड्याने देतो, त्यांच्यासाठी बाबांनी सिमकार्डावर चालणारा एक डबा आणलाय. जूनपर्यंत तो नुसता दिवे लावून बसतो. त्याचा वेग वाऱ्यावर अवलंबून असतो, मुलाखतीला त्याचा भरवसा नाही. पण कोंबड्यांचं चित्रण थोडं अडखळलं तर जगाचं काही बिघडत नाही. मी त्या डब्याची तार आणून राउटरला जोडली आणि नियम ठरवला: प्लुमीचा लॅपटॉप एकटा तांब्याच्या लाइनने, प्राधान्य अत्युच्च. बाकी अख्खं घर सिमच्या डब्याने. बाबा, काका, कॅमेरे, मालिका, मी, सगळे.

अख्ख्या घराला एका ओळीत रस्त्याला लावता येतं, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. बुधवारी जीवशास्त्राच्या पेपरवर मी पेशीचं चित्र काढलं आणि तिच्या भिंतीला दोन वाटा दाखवल्या. बाईंनी शून्य दिलं. पेशीचं नुकसान.

बुधवारी दुपारी प्रत्यक्ष काम. राउटर मधल्या मजल्यावर, आमच्या दारातल्या चपलांच्या कपाटावर असतो. मी पान उघडलं. यादीत यंत्रांची नावं होती. ही सगळी यंत्रं गावातल्या एकाच दुकानातली, आणि तिथला माणूस विकतानाच मालकाचं नाव आत घालून देतो, म्हणजे गोंधळ होत नाही. यादीत लिहिलं होतं: इसिदोरोस, म्हणजे बाबा. पांडेलिस. मार्केला, म्हणजे आई. प्लुमी. प्लुमी. प्लुमी.

त्यातली माझी कुठली ते कळत होतं, कारण मी तीच उघडून बसले होते. उरल्या दोन. एकीपुढे हिरवा ठिपका, एक करडी. म्हणजे एक चालू, एक बंद. प्रत्येक नावाखाली बारा अक्षरांचा एक आकडा असतो, तो यंत्राच्या पाठीवरच्या आकड्याशी ताडून बघायचा, असं मी वाचलं होतं. पण त्यासाठी वर जायला सतरा पायऱ्या आहेत. मी दार उघडून जिन्यात ओरडले, "प्लुमी, चालू आहे का?"

"चालू आहे," उत्तर आलं.

मी हिरव्या ठिपक्याच्या प्लुमीपुढे 'अत्युच्च' निवडलं. तिला तांब्याच्या लाइनवर घातलं. परत जिन्यात गेले. "काहीतरी लावून बघ. अडकतंय?"

"अजिबात नाही."

"चित्र स्वच्छ आहे?"

"इतकं छान तर कधीच दिसलं नव्हतं. देव तुझं भलं करो."

हे शेवटचं ऐकून खरं तर मला शंका यायला हवी होती. वरची प्लुमी देवाचं नाव फक्त पायाचं बोट आपटल्यावर घेते. पण आमचा जिना दगडी आहे, त्यात आवाज वरून आला की खालून हे भिंतींनाही कळत नाही. आणि आमच्यात नावाबरोबर आवाजही मिळतो, फोनवर बाबासुद्धा आम्हा तिघींत फसतात. शिवाय मी त्या क्षणी स्वतःवर इतकी खूश होते की देवानेच निरोप पाठवला असता तरी मी हो म्हटलं असतं.

मग मी राउटरचा पासवर्ड बदलला आणि बाहेरून कोणी तो उघडू नये म्हणून तीही खिडकी बंद केली. फार शहाणपणाने. संध्याकाळी आजी वर आली, राउटरकडे पाहून तीनदा थू थू थू केलं आणि त्याच्या कानाला निळ्या डोळ्याचा मणी बांधला. म्हणाली, चांगलं चाललंय, दृष्ट नको लागायला. मला वाटलं, ती कामाबद्दल बोलतेय.

गुरुवारी अकराला माझा प्राचीन ग्रीकचा तास होता. आमच्या शाळेत फोन दिसला की एक दिवस घरी बसवतात. अभ्यास आवडत नसणाऱ्याला अभ्यासापासून लांब ठेवायची ही शिक्षा ज्याने शोधली, त्याचा मला फार आदर वाटतो. माझा फोन मोज्यात होता. अकरा वाजून सहा मिनिटांनी घोट्याला गुदगुल्या झाल्या. मी पेन पाडलं, वाकले आणि वाचलं.

"गोठलं. ते म्हणतात पाच मिनिटं थांबतो. खाली आजीची मालिका लोण्यासारखी चाललीय आणि मी परत गोठले. तू काय केलंस?"

मी बाकाखाली वाकलेलीच राहिले. लोण्यासारखी. इतकं छान तर कधीच दिसलं नव्हतं. देव तुझं भलं करो.

मी आजीला घरात सर्वोच्च स्थान दिलं होतं. तांब्याची अख्खी लाइन आजीच्या मालिकेला, आणि वरच्या प्लुमीला सिमच्या डब्यात, सहा कॅमेरे, काका आणि कोंबड्यांच्या शेजारी.

राउटर बाहेरून उघडत नव्हता. ती खिडकी कोणी बंद केली, ते वर आलंच आहे. नवा पासवर्ड फोनवरून सांगायचा तर तो सव्वीस अक्षरांचा होता, आणि पानावर कुठे काय बदलायचं हे समजावायला पाच मिनिटं पुरली नसती. कॅमेरे बंद करायचे तर बाबा बागेत, आणि आधी भांडण. मी डोळे मिटले आणि कोण कुठल्या वाटेवर उभं आहे ते मनात पाहिलं. आश्चर्य म्हणजे ते दिसलं, सगळंच, गावच्या उतारासारखं. नियमात चूक नव्हती. पोलीस जागेवर होता, वाट मोकळी होती. फक्त त्या वाटेवर चुकीची प्लुमी उभी होती. मग वाट हलवायची कशाला?

मी उभी राहिले, सगळ्यांच्या देखत मोज्यातून फोन काढला आणि वरच्या प्लुमीला लावला.

"प्लुमी, बस खाली," बाई म्हणाल्या.

"दोन मिनिटं, बाई."

"कोणाशी बोलतेस?"

"प्लुमीशी."

वर्ग हसला. बाईंना वाटलं मी त्यांची थट्टा करतेय. पलीकडे प्लुमी रडवेल्या आवाजात हॅलो हॅलो करत होती.

"लॅपटॉप सोड," मी म्हटलं. "खाली जा, आजीचा टॅबलेट घे. कंपनीची लिंक घरच्या ग्रुपवर टाक आणि त्याच्यावरून उघड. अख्खी लाइन आजीकडे आहे."

"आजी मालिका बघतेय."

"मग बंद कर."

आजीची मालिका बंद करणं हे आमच्या घरात अजून कोणी करून पाहिलेलं नाही. मग पायऱ्यांवर धावत्या पावलांचा आवाज आला आणि फोन कटला. मी तो बाईंच्या हातात स्वतःहून नेऊन दिला. असा प्रामाणिकपणा त्यांनी आधी बघितला नसावा, कारण त्यांनी तो दोन बोटांनी धरला, मेलेल्या उंदरासारखा.

पुढचं मला प्लुमीकडून कळलं. वर कोट, खाली झोपायची चड्डी अशा अवतारात ती आजीच्या स्वयंपाकघरात शिरली. टॅबलेट लिंबाच्या मुरंब्याच्या बरणीला टेकवला. आजी उठली नाही. म्हणाली, हे माझं घर, हा माझा टॅबलेट, तुझं झालं की माझी मालिका. आणि शेजारीच बसून राहिली, विणकाम घेऊन, अर्धी चौकटीत.

अकरा वाजून बारा मिनिटांनी पिरेअसचे कप्तान पडद्यावर आले. एकदाही अडखळले नाहीत. त्यांनी विचारलं, अरुंद खाडीत समोरून मोठं जहाज आलं तर आधी कोणी जायचं? प्लुमीने सांगितलं. म्हणाले, आणि तुझ्या मागे लहान बोटींची गर्दी असेल तर? तिने तेही सांगितलं. त्यांनी विचारलं, इतकं नीट कुठे शिकलीस. ती म्हणाली, घरात. मला हे ऐकून फार बरं वाटलं, जरी ती अकादमीबद्दल बोलत नव्हती याची मला खात्री नाही.

वीस मिनिटांनी मुलाखत संपली. तिची. मग आजीने सुई खाली ठेवली आणि चौकटीत पूर्ण आली.

"तू कोणाचा रे?" तिने कप्तानांना विचारलं.

कप्तानांनी आडनाव सांगितलं. आजीने आईचं नाव विचारलं. मग कळलं की ते पलीकडच्या गावचे, त्यांची आई आजीच्या लग्नात नाचताना टाच मोडून पडली होती, आणि तिला उचलून नेणारे आमचे आजोबा होते. शेवटी लाइनच्या मालकाचा मान राखला गेला म्हणायचं. कप्तानांची मुलाखत पंधरा मिनिटं चालली. त्यांनी आजीचं नाव विचारलं. ती म्हणाली, प्लुमी. ते म्हणाले, नाही, मुलीचं नाही, तुमचं. ती म्हणाली, मग मी कोणाचं सांगतेय?

त्याच दुपारी शाळेतून घरच्या फोनवर फोन आला. तो आजीनेच उचलला, कारण दुसरं कोणी तो उचलत नाही. मुख्याध्यापक म्हणाले, प्लुमीने वर्गात फोन वापरला. आजी म्हणाली, मी एकोणऐंशी वर्षांची आहे, मला हवा तिथे हवा तो फोन वापरेन. मुख्याध्यापकांनी नंतर पत्र पाठवलं.

शुक्रवारी मी शिक्षा म्हणून घरी होते. कॉफी घेतली, सतरा पायऱ्या चढले, सतरा उतरले, शिवाय आजीच्या सोळा, आणि प्रत्येक यंत्राच्या पाठीवरचे बारा आकडे वहीत उतरवून घेतले. मग यादीतली नावं बदलली: मूळ प्रत, पहिली आवृत्ती, दुसरी आवृत्ती. नियम पुन्हा लिहिले. मालिकेला मी तांब्याच्या लाइनवरून उतरवलं, तर अर्ध्या तासात खालून आवाज आला, "प्लुमी, माझ्या नटाचं तोंड चौकोनी झालंय." मी तिला परत वर घातलं. काही गोष्टी नियमाबाहेर असतात, पण त्या नीट लिहून ठेवाव्या लागतात. जेवायची वेळ झाली हे मला आईने तीन हाका मारल्यावर कळलं. जीवशास्त्र करताना मला ती वेळ घड्याळाच्याही आधी कळते.

शनिवारी कंपनीचं पत्र आलं. प्लुमीला घेतलं. सप्टेंबरात जहाज. खाली एक ओळ होती, आजींना नमस्कार.

रविवारी टेबलावर पुन्हा सगळे. यावेळी माशाचं सार होतं, आणि यशाचं श्रेय. काका म्हणाले, अरुंद खाडीचं उत्तर त्यांनीच लहानपणी तिला शिकवलं होतं. बाबांनी फाटकावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण सगळ्यांना दाखवलं. आमच्या जिन्याची एक बाजू फाटकाकडे उघडी आहे, त्यामुळे त्यात कोट आणि चड्डी घालून धावत सुटलेली प्लुमी स्पष्ट दिसत होती, आणि बाबांच्या मते कॅमेरे किती कामाचे आहेत हे यातून सिद्ध होत होतं. आजीने निळ्या मण्याचं नाव घेतलं. वरच्या प्लुमीने टेबलाखालून माझा हात दाबला आणि मग माशाचा चांगला तुकडा काकांच्या ताटातून उचलून माझ्या ताटात ठेवला.

आई म्हणाली, झालं ना आता सगळं, मग त्या तारा ठेव बाजूला आणि जीवशास्त्राचं बघ, शून्य पडलंय, मला सगळं कळतं.

मेर्सिनी आणि आंथी इथे नव्हत्या. पैजही नव्हती. मी चमचा ठेवला.

"आई, बाबा," मी म्हटलं, "गेल्या रविवारी मी एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर तुमच्यापैकी कोणी दिलं नाही. गुरुवारी मी ते दिलं. चुकलं, पण नक्की कुठे चुकलं ते मला डोळे मिटून दिसलं, आणि असं मला आजवर दुसऱ्या कशात दिसलेलं नाही. सप्टेंबरपासून मी तांत्रिक शाळेत जाणार आहे, नेटवर्कच्या वर्गाला. फॉर्म आणलाय, त्यावर तुम्हा दोघांपैकी एकाची सही हवी. आजीने करून टाकली होती, पण तिथे म्हणाले, प्लुमीच्या फॉर्मवर प्लुमीची सही चालत नाही."